वांदरांसाठी लावलेला मारवा

परवा सकाळी चहा गाळत होते, तेवढ्यात पलीकडच्या बागेतून पत्र्याचा डबा वाजायला लागला. बाळूचा डबा. कैरी लिंबाएवढी झाली की दरवर्षी हा डबा वाजतो, आणि तो वाजला की वेळणेश्वरात आंब्याचा हंगाम सुरू झाला असं समजायचं, पंचांग काही का म्हणेना. डब्यामागून बाळूच्या शिव्या आल्या, शिव्यांमागून आमच्या कौलांवर धडाधड उड्या मारत वांदरं गेली, आणि हातात गाळणी तशीच धरून मी बाहेर धावले. ओटीवर अण्णा बसले होते. वरून धूळ गळली, ती त्यांच्या खांद्यावर पडली, तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं. धुळीमुळे पाहिलं. आवाजाचा त्यात काही संबंध नव्हता.

"आली काय गो?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"मग गाणं काढून ठेव."

अण्णा म्हणजे माझे सासरे. उभा जन्म बोटीवर फिटर म्हणून काढला, तोही इंजिनरूममध्ये, आणि तिथल्या धडधडीनं त्यांचे कान हळूहळू खाऊन टाकले. आता डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडंफार पोचतं. उजवा कान नावापुरता. माझा नवरा सुधीरही बोटीवरच असतो, घराण्याचा धंदाच तो. म्हणजे घरात वर्षाचा बराच काळ मी आणि अण्णा, आणि हंगामात वांदरं.

गाणं काढून ठेव म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्याकडे बागेत रेडिओ लावून ठेवायची पद्धत आहे. माणूस घरी, आवाज बागेत. वांदरांना वाटतं माणसं बसलीयेत, आणि ती दोन दिवस लांब राहतात. तिसऱ्या दिवशी रेडिओच्या शेजारी बसून कैऱ्या खातात, पण ते दोन दिवस काय कमी आहेत? कोणी बातम्या लावतं, कोणी लग्नाच्या वरातीतली गाणी लावतं. बाळूच्या बागेत तर डीजे असतो, त्यानं वांदरं पळतात की नाही देव जाणे, आमची कोंबडी मात्र अंडी द्यायची थांबते. अण्णा मारवा राग लावतात. एका जुन्या बुवांचा, विलंबित एकतालातला मारवा. गाढवापुढे वाचली गीता ऐकलं होतं, पण वांदरापुढे ख्याल फक्त आमच्याच बागेत.

काढून ठेवलेला तो छोटा स्पीकर फडक्यानं पुसताना मला आतून भरून आलं. हंगाम परत आला याचा आनंद व्हायला हवा होता. मोहोर बरा टिकलाय, फळ धरलंय. पण मला आठवला तो पहिला हंगाम, आणि वाटलं, डबा वाजलाच नसता तर बरं झालं असतं.

त्या हंगामाची गोष्ट सांगायची म्हटली, तर गोष्ट अशी काहीच नाही. मी लोट्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होते. चिपळूणला राहायचं, कंपनीच्या बसनं जायचं-यायचं. आमचा प्लांट बंद झाला, सुधीर तेव्हा नुकताच बोटीवर चढला होता, म्हटलं रिकाम्या फ्लॅटच्या भिंती बघत बसण्यापेक्षा अण्णांकडे जावं. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच होते. आंब्याला मदतही होईल. आले, तर दुष्काळात तेरावा महिना. बागेची राखण करणारा नेपाळी, आई आजारी म्हणून तडकाफडकी गावी निघून गेलेला. फळ भरत आलेलं आणि बागेत माणूस नाही.

"संध्याकाळचे आपण बसू," अण्णा म्हणाले. त्या 'आपण'मध्ये मी आहे, हे मला जरा उशिरा कळलं.

आमची बाग कातळावर आहे. खाली तांबडा दगड, त्याच्या फटीतून वर आलेली जुनी कलमं, एका अंगाला काजू, आणि दोन झाडांच्या मधून दिसणारा समुद्राचा एक तुकडा. उन्हं कलली की दिवसभर तापलेल्या कातळाची वाफ पायांना लागते, आणि चिकाचा, पिकल्या काजूबोंडांचा एकत्र वास येतो. तिथे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकायच्या. स्पीकर दुधाच्या पिशवीत घालून खालच्या फांदीला टांगायचा. पिशवीतून त्याचा निळा दिवा दिसत राहायचा. मग अण्णा खुर्चीच्या हातावर बोटं ठेवायचे आणि तंबोरे सुरू व्हायचे.

माझा आणि गाण्याचा संबंध तोवर कंपनीच्या बसमधल्या गाण्यांपुरता. ड्रायव्हर लावेल ते ऐकायचं आणि लोटे आलं की उतरायचं. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी मी वाट बघत राहिले की आता गाणं सुरू होईल. बुवा 'आ' म्हणाले. थांबले. पुन्हा 'आ' म्हणाले, मघापेक्षा केसभर वर. तबला तर असा, की एक ठोका पडल्यावर दुसरा पडेपर्यंत माणूस गुहागरला जाऊन येईल. मी घड्याळ बघितलं, समुद्र बघितला, पायाला चावणारे डोंगळे बघितले. बुवा अजून तिथंच.

दगडी गडग्यापलीकडून बाळूनं डोकं वर काढलं. बाळू आमचा शेजारी. माणूस सोन्यासारखा, पण जिभेला हाड नाही.

"अण्णानू, तुमचा ह्या गाणा ऐकून वांदर पळत नाय, बसतो," तो म्हणाला. "त्यास वाटतं, म्हातारा आजारी हाय, कन्हतोय, आपण कशास तरास द्या!"

मी हसले. मोठ्यानं हसले. अण्णाही हसले, पण जरा मागून, आमच्या दोघांची तोंडं बघून. तेव्हा त्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

घरी जाताना मी विचारलं, "अण्णा, हे गाणं कुठे जातच नाही. तुम्हाला त्यात आवडतं तरी काय?"

त्यांनी मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि मग म्हणाले, "सा ठाऊक आहे ना? सा म्हणजे घर. बाकीच्या रागात माणूस घरी येऊन-जाऊन असतो. मारव्यात येत नाय. समजा बोट बंदराबाहेर नांगर टाकून उभी आहे. गाव दिसतंय, देवळाचा कळस दिसतोय, पण उतरायची परवानगी नाय. कधी मिळेल? कुणाला ठाऊक. तेवढा वेळ माणूस काय करतो, ते बुवा गातायत."

हे ऐकायला फार छान वाटलं, पण दुसऱ्या दिवशी बुवा पुन्हा 'आ' म्हणाले आणि मी पुन्हा डोंगळे मोजू लागले. गाणं समजावून सांगितल्यानं आवडत नाही, हे मला तेव्हा कळलं. कैरीला कितीही समजावलं तरी ती आपल्या वेळेलाच पिकते.

अण्णांनाही ते समजावून आवडलं नव्हतं. एकदा बोटीवर त्यांच्या सगळ्या कॅसेटी पाण्यात भिजून वाया गेल्या, भजनं गेली, नाटकातली पदं गेली, आणि केबिनच्या खणात आधीच्या कोणीतरी विसरलेली ही एकच कॅसेट उरली. "पयलं वाटलं, हीपण भिजलीय," ते सांगायचे. "एवढी सावकाश कोण गातं? मग करणार काय, तेच ऐकलं. इंजिनाची एक घुमघुम असते ना खाली, ती आपोआप त्याच्या तंबोऱ्यात मिसळायला लागली. मग ते माझं झालं." पुढे पाचामुखी ऐकून-विचारून त्यांनी राग, ताल, सम सगळं शिकून घेतलं. घरी आले, तर घरात ते कुणालाच नको होतं. सुधीर लहानपणी कानात बोटं घालून अंगणात पळायचा. सासूबाई म्हणायच्या, तुमचे बुवा एकदाचे घरी पोचू देत, मग मी जेवायला वाढते.

रोज बागेत बसलं की अण्णा मला विचारायचे. तोच प्रश्न. "काय गो, कुठं आलाय?"

मला वाटायचं, परीक्षा घेतायत. शाळेत उभं करून पाढे विचारावेत तसं. मी चिडून काहीतरी सांगायची. "वर गेलेत." "खाली आले." "तिथेच आहेत अजून." अण्णा डोळे मिटून मान हलवायचे, जणू गुण देतायत. "तबलजीनं आता बारीक काही वाजवलं का?" "नवीन स्वर लागला का?" "आणि सा? आला का सा?" शेवटी उत्तर द्यावं लागणार म्हणून मला ऐकावं लागायचं. परीक्षेच्या धाकानं मी जन्मभर अभ्यास केला, तसाच हाही.

आणि त्या अभ्यासात कधीतरी कान उघडला. त्याचं श्रेय मी आमच्या प्लांटमधल्या ब्लोअरला देईन. लॅबच्या मागे तो दिवसरात्र घुमायचा. नवख्याला तो एकच आवाज वाटायचा, पण काही महिन्यांनी आम्हाला त्यात तीन-चार आवाज वेगळे ऐकू यायचे, आणि त्यातला एक जरी बदलला तरी चहाचा कप खाली ठेवून आम्ही उठायचो. प्लांट बंद झाल्यावर कितीतरी दिवस मला त्या घुमण्याशिवाय झोप लागली नव्हती. एका संध्याकाळी मी कैऱ्यांचे देठ पुसत बसले होते, मन दुसरीकडेच, आणि एकाएकी कानानं आपणहून तंबोऱ्यातले आवाज वेगळे केले. हा खालचा. हा त्याच्या वरचा. आणि हे दोन मिळून एक तिसराच, जो कुणी छेडलेला नाही. माझा हात थांबला. त्या सगळ्याच्या मध्ये सा सतत वाजत होता, अगदी पहिल्या दिवसापासून वाजत होता, आणि बुवा त्याच्या भोवती फिरत होते. खालून यायचे, उंबऱ्यापर्यंत पोचायचे आणि वळायचे. वरून यायचे, वळायचे. मला एकदम राग आला त्यांचा. अहो, टेका ना एकदाचे!

राग आला म्हणजे आपण ऐकतोय, हे मला कळलं.

त्यानंतर ती जागा यायला लागली की मी खुर्चीत पुढे सरकायची. भांडी घासताना मी बुवांचे ते दोन-तीन स्वर गुणगुणायची, बेसूर, पण गुणगुणायची. बाळूचा डीजे लागला की मी गडग्याशी जाऊन त्याच्याशी भांडायची. एका संध्याकाळी अण्णांना बरं नव्हतं म्हणून आम्ही बागेत गेलो नाही, आणि दिवेलागणीला मी घरात उगाच या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. काय राहिलंय ते आठवेना. दूध तापवलं होतं, कोंबड्या झाकल्या होत्या. मग आठवलं. आज सा आलाच नाही. मला हसू आलं आणि आनंदही झाला, अगदी स्वच्छ आनंद, असा मला नोकरी गेल्यापासून झाला नव्हता. आता अण्णांना सांगायचं, असं मी ठरवलं. सांगायचं की मला आवडायला लागलंय. म्हातारा किती खूश होईल! या घरात इतक्या वर्षांनी त्यांना जोडीदार मिळाला, हे मी नीट, मुहूर्त बघून सांगणार होते.

मुहूर्त म्हणून मी शेवटच्या तोडणीची संध्याकाळ धरली. झेल्यांनी, लांब काठीच्या जाळ्यांनी, उतरवलेलं फळ घरी गेलं होतं, आढी लागली होती, झाडं हलकी झाली होती. राखण करायला काही उरलं नव्हतं, तरी आम्ही खुर्च्या टाकून बसलो, सवयीनं. बुवा रंगात आले होते. मी डोळे मिटले होते. आणि ऐन भरात आवाज तुटला. डोळे उघडून बघते, तर पिशवीतला निळा दिवा गेलेला. सकाळी स्पीकर चार्जिंगला लावायचं तोडणीच्या गडबडीत राहून गेलं होतं.

"अण्णा," म्हणत मी उठून त्यांच्याकडे वळले.

अण्णांचे डोळे मिटलेले होते. उजव्या हाताचा अंगठा त्याच हाताच्या पेरांवर सरकत होता, एका मात्रेवरून दुसऱ्या मात्रेवर, सावकाश, न चुकता. चेहरा भरून आला होता. मान थोडी वर गेली, जिथे बुवा वर जातात तिथे. बागेत वाऱ्याशिवाय काही वाजत नव्हतं. कुठेतरी कवडा बोलत होता, तेवढंच. आणि अण्णा ऐकत होते.

मी तशीच उभी राहिले. माझ्या डोक्यात त्या हंगामातली एकेक गोष्ट सरकून आपल्या खऱ्या जागी बसायला लागली. कुकरची शिट्टी झाली तरी ते उठायचे नाहीत. फोन वाजून वाजून बंद पडायचा. बाळूच्या विनोदावर ते आमची तोंडं बघून हसले होते. आणि ते प्रश्न. कुठं आलाय? बारीक काही वाजवलं का? सा आला का? ती परीक्षा नव्हती. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. त्यांच्या कानांतून एकेक स्वर उतरून जात होता, आणि ते माझ्याकडून तो परत मागून घेत होते, दर संध्याकाळी, इतक्या साधेपणानं की मला मागणं कळलंच नाही.

"आला का गो?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं. अगदी त्याच जागेवर विचारलं, जिथे तो यायला हवा होता.

फांदीवर मेलेला स्पीकर, समोर समुद्राचा तुकडा तांबडा झालेला. मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकले.

"आला, अण्णा."

"वाः!" ते म्हणाले.

मला आवडायला लागलंय, हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार? भूक लागलेल्या माणसाला मी पोटभर जेवले असं सांगण्यापैकी होतं ते.

मग आम्ही चिपळूणला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बंद खोलीत बसवून यंत्रावर तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की वरचे आवाज फार पूर्वीच गेलेत, खालचे जातायत, आतल्या नसा एकदा मेल्या की परत येत नाहीत. "बोलणं कळावं म्हणून मशीन लावू," ते म्हणाले. मशीन लावलं. त्या दिवशी अण्णांना कोंबडा ऐकू आला, माझ्या बांगड्या ऐकू आल्या, चुलीत फुटणारं लाकूड ऐकू आलं. लहान मुलासारखे ते घरभर फिरले. संध्याकाळी मी मारवा लावला.

त्यांनी थोडा वेळ ऐकलं. मग चेहरा असा केला, जसा आंबा कापल्यावर आत साका, तो पांढरा आंबट गोळा, निघाला की करतात.

"बंद कर," ते म्हणाले. "बुवा बेसूर झालेत."

मशीन बसवणाऱ्या मुलीनं दोन-तीनदा त्याची सेटिंग बदलून दिली, भली पोर होती. थोडा फरक पडायचा, पण तंबोरा जुळायचा नाही. अण्णा म्हणायचे, दोन बोटी शेजारी लावल्या आणि एक भरतीत, एक ओहोटीत. शेवटी तिनंच सांगितलं, "काका, हे बोलण्यासाठी असतं हो. गाण्याचं मी काही सांगू शकत नाही." अण्णांनी ते मशीन डबीत घालून देवाच्या कोनाड्यात ठेवलं. डॉक्टरांकडे जायचं असलं की, पाहुणे आले की ते बाहेर काढतात. एरवी ते तिथेच असतं, उदबत्तीची राख त्या डबीवर पडत असते.

सुधीर फोनवरून म्हणतो, आवाज वाढव ना स्पीकरचा. सगळेच म्हणतात. आवाज वाढवून जे उगवतच नाही ते कसं उगवणार? मी चिडते, फोन ठेवते, मग त्याचीही कीव येते. तो तरी तिथून काय करणार? मध्ये एकदा त्यानं विचारलं, "आई वैतागायची ते गाणं तू रोज लावतेस म्हणे?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "आता बोटीवर कधीकधी मला ते आठवतं गं. म्हणजे पूर्ण नाही. कुठेच न पोचणारं काहीतरी." नेटवर्क गेलं आणि बोलणंही तिथेच राहिलं.

खरं सांगायचं तर मला या सगळ्यापुढे हात टेकावेसे वाटतात. लॅबमध्ये काही बिघडलं की आम्ही उतारा शोधायचो, आम्ल जास्त झालं तर अल्कली घाला, तापलं तर गार करा. इथे घालायला काहीच नाही. मला गाणं सावकाश आलं, आणि ज्यांच्यामुळे आलं त्यांच्याकडून ते तेवढ्याच सावकाश गेलं. बागेत दोन खुर्च्या आहेत आणि गाणं एका वेळी एकाच खुर्चीत बसतं. कधीकधी बुवा फार सुंदर काही करून जातात, आणि मला शेजारच्या माणसाला 'ऐकलंत?' असं विचारायची इतकी सवय लागलीय की मी तोंड उघडते आणि मिटते.

तर परवा डबा वाजला, आणि त्याच संध्याकाळी आम्ही बागेत गेलो. खुर्च्या त्याच. फांदीही तीच, फक्त तिची खालची डहाळी छाटलीय, मला टाचा उंचवाव्या लागल्या. आमचा आता एक ठराव आहे. गाणं सुरू झालं की मी मान हलवते, तिथून अण्णा पेरांवर मात्रा धरतात. ते मध्ये काही विचारत नाहीत. सा आला की मी त्यांच्या गुडघ्याला हात लावायचा, एवढंच. मग ते 'वाः' म्हणतात आणि आम्ही घरी येतो.

स्पीकर टांगून मी वळले, तर अण्णा पिशवीकडे बघत होते.

"दिवा लागला ना आज?" ते म्हणाले. हल्ली ते सगळंच मोठ्यानं बोलतात, स्वतःचाही आवाज पोचत नाही म्हणून. "त्या वर्षी विझलेला. तोडणीच्या दिवशी."

मी गारच झाले. त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "तुम्हाला कळलं होतं?"

"मधे एकदा डोळा उघडला तेव्हा दिसलं. दिवा नाय, आणि तू उभी राहून रडतेयस."

"मग 'वाः' कशाला म्हणालात?"

"तू आला म्हणालीस ना?" अण्णा म्हणाले. "मग आला."

मी खुर्ची त्यांच्या समोर ओढून बसले आणि गाणं लावलं. मान हलवली. त्यांचा अंगठा पहिल्या पेरावर आला.

ऊन काजूंच्या शेंड्यावर गेलं होतं. बाळूच्या बागेत वांदरं परत आली होती, गडग्यालगतच्या कलमावर पाठमोरी बसून कैऱ्या खात होती, आमच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. तंबोरे भरून आले. बुवा खालून निघाले, उंबऱ्याशी आले, वळले. मला ठाऊक आहे ते कुठे कुठे वळतात. दर वेळी वाटतं या वेळी नाही वळणार. परवा मी बघत बसले होते अण्णांच्या हातावरच्या शिरा, आणि ऐकता ऐकता त्यांचं वय, सुधीरची बोट, बंद पडलेला प्लांट, सगळं त्या एका न टेकणाऱ्या स्वरावर येऊन थांबलं, आणि मला वाटलं, आता नाही सोसवत, आता टेका. बुवा अजून थोडे थांबले. मग अगदी सहज, दार उघडंच होतं असं, ते 'सा'च्या आत गेले.

गुडघ्याला हात लावायचं मी विसरले. हात माझ्या मांडीवरच होते. किती वेळ गेला कोण जाणे, भानावर येऊन वर पाहिलं, तर अण्णांचा अंगठा थांबला होता. ते स्पीकरकडे बघत नव्हते, समुद्राकडे बघत नव्हते. माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते.

"आला वाटतं," ते म्हणाले.

आणि त्यांनी असा मोठ्यानं 'वाः' दिला की बाळूच्या कलमावरची वांदरं कैऱ्या टाकून पळाली.